कांद्यावरची काजळी आणि मुळातलं रबर

भाद्रपदात कांद्याची चाळ निवडायला बसलं की बोटं काळी होतात. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत पडतो आणि भावाची वाट बघत दिवाळीपर्यंत थोडा थोडा बाहेर निघतो. मधले चार महिने पावसाचे. हवा दमट, आत ऊब, आणि कांद्याच्या वरच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी धरते. आमच्या घरात तिला काजळीच म्हणतात. पापुद्रा सोलला की खालची पाकळी ओलसर लागते, बोटानं दाबली तर खचते. असा कांदा पाटीबाहेर टाकताना आजी एवढंच म्हणायची, "ह्याला खाल्लंय." कुणी खाल्लं ते ती सांगत नसे, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

ते नाव मला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला कळलं. अ‍ॅस्परजिलस नायजर. काळी भुकटी म्हणजे त्या बुरशीचं बी, आणि ओलसर झालेली पाकळी म्हणजे तिचं जेवण. पण तिची माझी खरी ओळख नोकरीत झाली. लासलगावजवळच्या आमच्या गावातून मी दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत प्रयोगशाळेच्या कामाला लागले, त्याला आता चौदा वर्षं होतील. पहिल्याच हंगामात वाइनमेकर सरांनी माझ्या हातात फिक्या पिवळसर दाण्यांची एक पुडी दिली. शंभर लिटर रसाला दोन ग्रॅम. पुडीवरची बारीक अक्षरं वाचली तर आत पेक्टिनेज नावाचं एन्झाइम होतं आणि ते मिळवलं होतं अ‍ॅस्परजिलस नायजरपासून. आमच्या चाळीतला कांदा खाणारी ती हीच.

हे सगळं आठवायचं कारण एक शोधनिबंध. हंगाम नसताना मी असलं काहीबाही वाचत असते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेलं हे काम आहे. डँडेलियनच्या एका जातीच्या मुळांत रबर असतं, आणि ते बाहेर काढायला त्यांनी बुरशीची एन्झाइमं वापरली. वाचता वाचता मला वाटलं, हे तर आमचंच काम आहे. फळाच्या जागी मूळ, रसाच्या जागी रबर, एवढाच फरक.

पण आधी ते झाड.

डँडेलियन आपल्याकडे ओळखीचं नाही, पण त्याची लांबची बहीण आपल्या ताटात असते. थंडीत गव्हा-हरभऱ्याच्या बांधावर जमिनीला चिकटून पानांचा चट्टा पसरलेला दिसतो. मधून बारीक दांडी, त्यावर पिवळं फूल, आणि फूल वाळलं की पांढऱ्या केसांची म्हातारी उडते. ती पाथरी. तिची भाजी जरा कडसर लागते आणि आजीच्या मते पोटाला चांगली. पाथरीचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. तो दोन बोटांत चोळत राहिलं तर मिनिटाभरात चिकट होतो, तपकिरी पडतो आणि त्याची लहानशी गोळी वळता येते. रुई, शेर, वड, उंबर, पपई, सगळी ही चिकाची झाडं. चीक झाडाच्या बचावासाठी असतो. किड्यानं चावा घेतला की त्याचं तोंड चिकटवून टाकतो. पुष्कळ झाडांच्या चिकात थोडंफार रबर असतं. टायर करण्याजोगं, लांब साखळीचं आणि भरपूर रबर देणारी झाडं मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच.

त्यातलं एक म्हणजे कझाकस्तानच्या थिएनशान डोंगरातलं कोक-सघीझ, डँडेलियनची हीच ती जात. सघीझ म्हणजे चघळायचा डिंक. तिथली माणसं या मुळ्या चघळत, हे बघून १९३० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ते ध्यानात आलं. त्यांना आपल्या थंड देशात वाढेल असं रबराचं झाड हवंच होतं. कोक-सघीझची वाळलेली मुळी मोडली तर दोन तुकड्यांच्या मध्ये बारीक तार ताणली जाते. सोडली की परत आखडते. मी हे चित्रफितीत पाहिलं आणि चार वेळा मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मुळीच्या सालीत केसासारख्या नळ्यांचं जाळं असतं, त्यात चीक भरलेला असतो. मुळी वाळली की चीक नळीतच गोठतो आणि त्याच्या तारा होतात. चांगल्या वाणाच्या वाळल्या मुळीत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत रबर सापडतं, रानटी रोपात पुष्कळ कमी. बाकी मुळीत इन्युलिन नावाची साखरेच्या साखळ्यांची पिठूळ साठवण भरपूर असते. चिकोरीच्या मुळातही तेच असतं.

आता कुणी म्हणेल, रबराची झाडं केरळात आहेत की. आहेत, आणि जगाचं बहुतेक सगळं नैसर्गिक रबर त्या एकाच जातीच्या झाडातून येतं. हे झाड मूळचं ब्राझीलचं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं तिथून सत्तर हजार बिया लंडनला नेल्या आणि त्यांची रोपं पुढे श्रीलंका, मलाया अशी पसरली. खुद्द ब्राझीलमध्ये मात्र या झाडाच्या बागा टिकत नाहीत. पानावर करपा आणणारी एक बुरशी तिथे आहे. हेन्री फोर्डनं १९२८ पासून अ‍ॅमेझॉनच्या काठावर फोर्डलँडिया नावाचं गाव वसवून रबराची लागवड केली; करप्यानं ती खाल्ली आणि १९४५ मध्ये सगळं परत ब्राझील सरकारच्या हवाली झालं. ही बुरशी आशियात अजून पोहोचलेली नाही. पोहोचली तर काय, हा प्रश्न टायरवाल्यांना कायम असतो. डाउनी रोगानं एका रात्रीत द्राक्षबाग गेलेली ज्यानं पाहिली आहे, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

शिवाय हे झाड लाडाचं आहे. त्याला ऊन हवं, पण पाऊस आणि दमटपणाही हवा. लागवडीनंतर सहा-सात वर्षांनी कुठे चीक काढता येतो. आमच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात दापचरीला भारतीय रबर संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. कोकणच्या उत्तर टोकाला, उन्हाळ्यात पानं करपवणाऱ्या कोरड्या हवेत रबराचं झाड कसं तगतं याचा अभ्यास तिथे वर्षानुवर्षं झाला. पाणी दिलं तर झाड वेळेवर चिकाला येतं, नाहीतर आणखी काही वर्षं थांबावं लागतं. घाट चढून ते आमच्याकडे यायचा तर प्रश्नच येत नाही.

माझे मामा टायरच्या कारखान्यात होते. ते सांगायचे, कृत्रिम रबर खूप निघालं, तरी ट्रकच्या टायरला झाडाचंच रबर जास्त लागतं आणि विमानाच्या टायरला तर विचारूच नको. ओझ्याखाली सारखं दबून-फुगून टायर तापतो. नैसर्गिक रबर कमी तापतं आणि चीर पडली तरी ती लवकर पुढे फाटत जात नाही. घोटीच्या रस्त्यानं कांद्याचा ट्रक मुंबईला जाताना बघितला की मला मामांचं हे बोलणं आठवतं. तो ट्रक कसारा घाट उतरतो तो केरळातल्या झाडांच्या चिकावर.

१९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया, सिंगापूर आणि पाठोपाठ इंडोनेशियाची बेटं घेतली. जगातलं सुमारे नव्वद टक्के नैसर्गिक रबर त्यांच्या ताब्यात गेलं. मग ज्याला त्याला डँडेलियन आठवलं. सोव्हिएत संघात त्याची लागवड आधीच होती, १९४१ साली सुमारे ६७,००० हेक्टर. अमेरिकेनं तिथून बियाणं मागवलं. जर्मनीनं जे केलं ते लिहायला हात जड होतो. आउश्वित्झ छळछावणीजवळ राइस्को नावाच्या ठिकाणी कैदी स्त्रियांना या झाडावर संशोधन आणि शेतकाम करायला लावलं. त्यात शिकलेल्या शास्त्रज्ञ स्त्रियाही होत्या. प्रयोगशाळेत काम करणारी बाई म्हणून मी हे वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला. या झाडाचा इतिहास सांगताना हे वगळू नये असं मला वाटतं.

युद्ध संपलं, मलायाचं रबर पुन्हा सुरू झालं, आणि डँडेलियन मागे पडलं. त्याला कारणं बरीच. रोप लहान, तणात दबून जातं, काढणी किचकट. पण माझ्या मते खरी अडचण मुळीच्या आत होती. केरळातल्या झाडाला कोयतीनं तिरकी चीर दिली की चीक आपणहून वाटीत उतरतो. डँडेलियनच्या मुळीला चीर देऊन भागत नाही. सगळी मुळीच उपटायची, आणि तिच्या सालीत हजारो बारीक नळ्यांत अडकलेल्या तारा सोडवून घ्यायच्या.

अमेरिकेच्या कृषी खात्यात रॉडरिक एस्क्यू यांनी १९४० च्या दशकात त्यासाठी एक रीत बसवली. मुळ्या गरम पाण्यात भिजवून इन्युलिन काढून घ्यायचं, मग त्या दगडगोटे भरलेल्या फिरत्या पिंपात पाण्याबरोबर घुसळायच्या. दगडांनी साल चेचली जाते, रबराच्या तारा एकमेकींना चिकटून गोळे होतात. रबर पाण्यापेक्षा हलकं, म्हणून गोळे वर तरंगतात आणि चोथा खाली बसतो. रीत साधी आणि चांगली आहे. पण सालीचे कण रबराला धरून राहतात आणि काही रबर चोथ्यात राहून जातं. दुसरी रीत म्हणजे रबर विरघळवणारी रसायनं वापरायची. ती महाग, आणि पेट घेणारी.

आता मुळीच्या त्या भिंतीबद्दल सांगते, कारण तिथेच बुरशीचं काम सुरू होतं. पेठ-सुरगाण्याकडे कुडाची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या लावायच्या, वेलीच्या नाहीतर झाडाच्या सालीच्या दोरांनी त्या बांधायच्या, आणि वरून शेणामातीचा लेप द्यायचा. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवतीची भिंत अशीच असते. कारवीच्या काठ्या म्हणजे सेल्युलोज, बांधणारे दोर म्हणजे हेमिसेल्युलोज, आणि लेप म्हणजे पेक्टिन. पेरूची जेली घट्ट बसते ती याच पेक्टिनमुळे.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. तिला जेवायचं तर ती जेवण आपल्या अंगाबाहेरच पचवते. आपल्या तंतूंतून ती एन्झाइमं बाहेर सोडते. पेक्टिनेज लेप धुतं, झायलनेज दोर कापतं, सेल्युलेज काठ्यांचे तुकडे करतं. भिंत पडली की मोकळी झालेली साखर ती शोषून घेते. कांद्याची पाकळी खचते ती यामुळे. आजीचं "खाल्लंय" शब्दशः खरं होतं. प्रत्येक एन्झाइमचा डोळा ठरावीक गाठीवर असतो. साखरेच्या साखळीतली एक विशिष्ट गाठ दिसली की ते ती सोडतं, बाकी कशाला हात लावत नाही. आणि रबर साखरेचं नाही. ते कार्बन आणि हायड्रोजनची लांब साखळी आहे. ही गाठ तिच्यात नाहीच. म्हणून सगळी मुळी पचली तरी रबराची तार जशीच्या तशी राहते. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभी राहिले होते. चेचून, उकळून, रसायनात बुडवून जे होत नव्हतं, ते करणारा हात आधीच होता. त्याला रबराची ओढ नव्हती, म्हणून रबर बाजूला पडत होतं.

ओहायोच्या संशोधकांनी निवडलेली बुरशी काजळी नव्हे. तिचं नाव थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस. ती उकिरड्यात राहते. डिसेंबरच्या पहाटे शेणखताच्या ढिगात फावडं घातलं की आतून वाफ निघते. आत हात घालून बघा, चटका बसतो. एवढ्या उष्णतेत बहुतेक बुरशा मरतात. ही तिथेच वाढते, आणि म्हणून तिची एन्झाइमंही त्या उष्णतेत टिकतात. वॉशिंग पावडरमध्ये तेलाचे डाग काढणारं लायपेज नावाचं एन्झाइम असतं, त्यातलं गाजलेलं एक याच बुरशीचं आहे. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीनं ते १९८० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आणलं. मुळ्या पचवायला अशी एन्झाइमं फार सोयीची. गरम पाण्यात काम भराभर होतं आणि त्या गरमीत दुसरे जंतू शिरून घोळ घालत नाहीत. त्या प्रयोगात मुळ्यांवर आधी अल्कलीची प्रक्रिया केली, मग बुरशीची एन्झाइमं सोडली, आणि चांगल्या प्रतीचं, लांब साखळीचं रबर वेगळं झालं.

या गोष्टीत आणखी एक बुरशी आहे, आणि तिचं नाव नाशिकच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ऐकू येतं. ट्रायकोडर्मा. आम्ही ती किलोनं आणतो, शेणखतात कालवतो, मर रोगावर द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या मुळाशी टाकतो. तिच्या एका भावंडाची कथा अशी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू भराभर कुजू लागले. कुजवणाऱ्या बुरशीचे नमुने गोळा झाले. एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी त्यांचा पुढे अनेक वर्षं अभ्यास केला, आणि त्यातली एक बुरशी सेल्युलोज खाण्यात सगळ्यांच्या पुढे निघाली. तिला पुढे रीस यांच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसी म्हणू लागले. आज जगात विकलं जाणारं बरंचसं सेल्युलेज तिच्याच वंशाकडून येतं. ज्या लढाईनं अमेरिकेचं रबर तोडलं आणि डँडेलियन शोधायला लावलं, त्याच लढाईतल्या तंबूंवर मुळीचं कुलूप उघडणारी किल्ली बसली होती. तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी कुणी ठेवल्या नाहीत. तंबू वाचवायचे होते. बुरशी शत्रू होती.

आमच्या कामात मला सगळ्यात जास्त कळलं ते हे की एन्झाइम म्हणजे औषधाची गोळी नाही, ते जिवंतपणाच्या जवळचं काहीतरी आहे. माझा दुसरा हंगाम. जानेवारीत शेनां ब्लांची द्राक्षं येत होती, बाहेर ट्रॅक्टर उभे. रस प्रेसमधून निघाला की त्यात पेक्टिनेज टाकायचं, टाकी बारा अंशांवर थंड करायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळपर्यंत गाळ खाली बसतो आणि वर स्वच्छ रस राहतो. रस स्थिर करायला बेंटोनाइट नावाची मातीही वापरतात, ती नंतर. त्या रात्री वेळ वाचवायच्या नादात मी दोन्ही एकदमच टाकलं. सकाळी टाकीच्या काचेतून पाहिलं तर रस ताकासारखा. परीक्षानळीत थोडा रस घेऊन त्यात आम्ल घातलेलं अल्कोहोल ओतलं आणि नळी तिरकी केली. जेलीसारखे पांढरे गोळे नळीभर लोंबत होते. सगळं पेक्टिन जागच्या जागी. एन्झाइम हे प्रथिन आहे आणि बेंटोनाइटचं कामच प्रथिन धरून खाली बसवणं. मी कामगाराला कामावर लावायच्या आधीच बांधून ठेवलं होतं. ती टाकी आणखी दोन दिवस अडकली, आणि तेवढा वेळ एका शेतकऱ्याचा माल उन्हात थांबला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून पुडी उघडताना मी आधी चार गोष्टी बघते: ऊब किती, आंबटपणा किती, वेळ किती, आणि वाटेत कोण आहे.

मुळ्यांच्या कारखान्यालाही हेच चार प्रश्न आहेत, आणि पाचवा पैशाचा. वाइनमध्ये शंभर लिटरला दोन ग्रॅम पुरतात, कारण द्राक्षाची साल मऊ असते आणि आम्हाला फक्त लेप धुवायचा असतो. मुळी लाकडाळ. तिला तिन्ही हत्यारं लागतात आणि भरपूर लागतात. बाजारातून तेवढं एन्झाइम विकत आणलं तर रबर सोन्याच्या भावाचं होईल. म्हणून बुरशी तिथेच वाढवायची, तिनं सोडलेलं पाणी गाळून तसंच वापरायचं, फार शुद्ध करत बसायचं नाही. त्या निबंधात कच्चा अर्कच वापरला आहे, हे मला फार पटलं. बुरशीला खायला काय घालायचं, हाही प्रश्न मोठा नाही. रबर काढून उरलेला चोथा आहेच. आधी काढून घेतलेल्या इन्युलिनपासून अल्कोहोल करता येतं. मुळीतलं काहीच फेकायचं नाही, असं गणित बसलं तर डँडेलियनचं रबर केरळच्या रबराच्या जवळपास येऊ शकेल.

टायरवाले त्या वाटेनं निघालेत. जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीनं २०१८ च्या अखेरीस आंक्लाम गावी डँडेलियनच्या रबरासाठी प्रयोगशाळा उघडली आणि त्या रबराचा सायकलचा टायर विकायलाही आणला. म्युन्स्टरमधले डिर्क प्र्यूफर आणि त्यांचे सहकारी त्यामागचे शास्त्रज्ञ. त्याआधी २०१२ मध्ये, युरोपातल्या एका संयुक्त प्रकल्पात, डँडेलियन आणि ग्वायुले नावाच्या झुडपाच्या रबराचे नमुन्याचे टायर अपोलो व्रेडेस्टाइननं बनवले होते. म्हणजे आपल्या अपोलोच्या हाताखालच्या कारखान्यात.

गावाकडे हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, मग आपण लावायचं का? मी नाही म्हणते. हे थंड डोंगरातलं झाड आहे. निफाडची थंडी पेपरात येते हे खरं, पण चैत्र-वैशाखात आमची जमीन तव्यासारखी होते. एकदा इमूचे, एकदा सफेद मुसळीचे दिवस बघितलेल्या शेतकऱ्याला मी नवं बियाणं घ्यायला लावणार नाही. आमच्याकडे जे आहे ते या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला आहे. सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या ठाण्याच्या कंपनीचा कारखाना आहे, आणि एन्झाइमं बनवणं हाच त्यांचा धंदा. बुरशी टाकीत वाढवायची, तिला हवं ते खायला घालायचं, तिचं हत्यार काढून घ्यायचं, हे हात आमच्या जिल्ह्यात आहेत. दर मार्चमध्ये वायनऱ्यांच्या मागे द्राक्षाच्या चोथ्याचे ढीग लागतात, त्यात बी आणि सालच असते. टोमॅटोची सालं, डाळिंबाची सालं, मक्याची कणसं. प्रत्येकात काहीतरी अडकलेलं आहे आणि प्रत्येकाभोवती तीच कुडाची भिंत. ज्यांना नोकरी करायची आहे त्या आमच्या भागातल्या मुला-मुलींना मी म्हणते, बुरशी शिका.

मागच्या थंडीत मी एक करून पाहिलं. बांधावरची पाथरी मुळासकट उपटली. मुळी बोटाएवढी, मोडली की पांढरा चीक. पाथरी काही रबराचं पीक नव्हे, मला फक्त भिंत पडताना बघायची होती. मुळीचे सारखे तुकडे करून दोन परीक्षानळ्यांत घातले. दोन्हींत पाणी आणि चिमूटभर टार्टारिक आम्ल. एकीत लाल वाइनसाठी वापरतो ते एन्झाइम, कारण त्यात पेक्टिनेजबरोबर थोडं सेल्युलेजही असतं. दुसरीत काही नाही. दोन्ही नळ्या पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात रात्रभर. सकाळी दुसऱ्या नळीतली मुळी होती तशीच होती, पाणी तेवढं तपकिरी झालेलं. पहिलीतल्या मुळीची साल सुटून तळाशी साय धरावी तशी बसली होती. मधला लाकडाचा दोरा तेवढा उघडा पडला होता. नळी हलवली की साल धुक्यासारखी उठायची आणि पुन्हा हळूहळू बसायची.

रविवारी त्या नळ्या मी घरी घेऊन गेले. वडील ओट्यावर कांद्याच्या गोण्या शिवत होते. सुई गोणीत तशीच खोचून त्यांनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"मुळी कुठं गेली गं?"

"काजळीनं खाल्ली, नाना."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी नळी सरळ उभी धरली, गाळ बसेपर्यंत थांबले, आणि वर काही तरंगतंय का ते डोळे बारीक करून बघत राहिले.